महिपत तांडेलाची होडी मी पुसली

मित्रांनो, मी सात समुद्रांचा अनभिषिक्त सम्राट आहे. माझ्या हद्दीत चाच्यांची गलबतं आहेत, तोफा आहेत, शापित बेटावर पुरलेला खजिना आहे. आकाराने मी अर्ध्या बिस्किटाएवढा. आणि समुद्रही खरं सांगायचं तर एकच आहे. बाकीच्या सहांना जागा उरली नाही, म्हणून त्यालाच रंग बदलबदलून वापरलाय.

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. हातात धरून खेळायच्या यंत्राला पाठीत खोबण असते, तिथे मला खोचतात. चाच्यांचा एक मोठा सिनेमा येणार होता. त्याच्याबरोबर जेवणाचे डबे, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या आणि मी, असे सगळे एकाच घाईत जन्माला आलो. पडद्यावरचा देखणा नायक माझ्यात नऊ चौकोनांचा झाला. त्यातला एक चौकोन नाकाचा. सिनेमा तीन आठवड्यांत उतरला, बाटल्या गळू लागल्या. मी टिकलो. टिकणं म्हणजे थोरपणा, अशी माझी तेव्हा समजूत होती.

ठाण्याच्या कोळीवाड्यात सूरज तांडेलने लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला मला यंत्रासकट घरी आणलं. लेकीचं नाव दक्षता. पहिले दोन टप्पे तिने झपाट्याने पार केले. तिसऱ्यात एक बंदर आहे, पाण्यावर फळ्या तरंगतात आणि नायकाला एकीवरून दुसरीवर जायचं असतं. दक्षता उडी मारायची, नायक बुडायचा. पंधरा दिवसांत तिने त्याला दोनशेदा तरी बुडवलं असेल. मग मला टीव्हीमागे टाकलं.

तिथून मला उचललं तिच्या आजाने. महिपत तांडेल. वयाच्या चौदाव्या वर्षापासून खाडीवर मासेमारीला जात आलेला माणूस. आता खाडीत जाळं टाकलं की मासळीपेक्षा पिशव्याच जास्त यायच्या, म्हणून त्याची होडी काठावर पालथी पडली होती. आजी कलावती दुसऱ्यांची मासळी घेऊन बाजारात बसायची आणि आजा घरी बसायचा.

त्याने चष्मा लावला आणि तिसरा टप्पा नुसता बघत राहिला. पाच मिनिटं एकही बटण दाबलं नाही. दक्षता वैतागली.

"आजा, मेला का गेम?"

"गप गो. ही भरती हाय. अकरा मोजलेस की पानी चढतं, फळी वर येते. तवा पाय टाकायचा. तू उड्या कशाला मारतेस? कोन बोलावतंय तुला तिकडं?"

आणि नायक चालत चालत पलीकडे गेला. मित्रांनो, ज्यांनी मला बनवलं त्यांनी ती भरती कदाचित चुकून ठेवली असेल. माझ्या पोटात भरती-ओहोटी आहे, हे मलाही त्या दिवशीच कळलं. इतकं लक्ष देऊन मला आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

पुढच्या टप्प्यांत नायकाला होडी मिळते. मग रोज संध्याकाळी आजा ती हाकायचा आणि नात भरती मोजायची. कलावती मासळीची पाटी उतरवताना म्हणायची, "खरी होडी चिखलात, आन् हा डबीत होडी हाकतोय. आज काय गावलं, तांडेल? कालवनाला टाकू?"

"हास तू. खजिना आनला की तुझ्याच गळ्यात घालीन."

"आधी नळाला पानी आलंय ते भर."

असं करत नऊ टप्पे झाले. नऊही बंदरातले, खाडीतले. दहावा शेवटचा. त्यात खुला दर्या, काळे ढग आणि पलीकडे ते बेट. आजाची होडी मी दर्याच्या तोंडाशी नीट नोंदवून ठेवली. आणि आजाने यंत्र बंद केलं.

"आखाड लागला. आता नारळी पुनवेला."

"अरे आजा, गेममधी कुठला आखाड?"

"खाडीतलं चालतं. दर्यावर नारळ दिल्याबिगर होडी घालायची नाय. माझ्या बापाने घातली नाय, मी पण नाय घालनार."

माझ्या नऊ चौकोनी नायकासाठी तो दीड महिना थांबणार होता. आणि मी त्याची होडी सांभाळणार होतो. मला दुसरं काम नव्हतं.

पौर्णिमेला बारा दिवस होते. आंबिवलीहून दक्षताची आतेबहीण प्राप्ती राहायला आली आणि तिने मला सुरू केलं. माझ्यात नोंदींचे तीन कप्पे आहेत. दोन रिकामे होते. पण माझी खूण आपोआप पहिल्या कप्प्यावरच उभी राहते, माझी घडणच तशी. मी इंग्रजीत विचारलं, जुना प्रवास पुसू का? प्राप्तीने न वाचता यस दाबलं. नऊ वर्षांच्या पोरीला काय बोलणार, मोठी माणसंही तसंच दाबतात. मी पुसला. पुसायला मला एक क्षण लागला. पुन्हा विचारायची सोय माझ्यात नव्हती.

दक्षताला कळलं तेव्हा ती रडली नाही. आजाला न सांगता तिने मला दप्तरात घातलं आणि पुनवेच्या आत होडी पुन्हा दर्याच्या तोंडाशी न्यायची ठरवली. शाळेच्या मधल्या सुट्टीत, गच्चीच्या जिन्यावर, ती ओठ हलवत अकरा मोजायची. मला तिला मदत करता येत नव्हती. मी ठरल्या वेळी भरती आणत होतो, इतकंच. पुनव उजाडली तेव्हा होडी सातव्या टप्प्यात होती.

आजा खाडीला नारळ देऊन आला, यंत्राला कुंकवाचं बोट लावलं, चष्मा लावला. पडद्यावर दर्या नव्हता. बंदर होतं. दक्षता जमिनीकडे बघत उभी राहिली. आजाने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वारा पडला वाटतं," तो म्हणाला. "होडी मागं आली. दर्यात असं व्हतं. घे, तू हाक. मी मोजतो."

त्या वर्षी सहामाही आली, पुढच्या वर्षी आजाच्या डोळ्यांत पडदा. मोजायला माणूस होता, पण हाकायला वेळ नव्हता. दहावा टप्पा कोणीच पाहिला नाही.

आता दक्षता ठाकुर्लीला राहते. आज जेवायला आलीय, आणि तिला मी सापडलोय. आजा खिडकीत बसलाय, नीट दिसत नाही. आवाजावरून ओळखतो.

"लागला का गो दर्या?"

"थांब रे आजा, लावते."

माझ्या पोटात नोंदी सांभाळणारा एक छोटा सेल होता. तो केव्हाच संपला. सातवा टप्पा नाही, काहीच नाही. ती मला खोबणीतून काढते, फुंकर मारते, पुन्हा खोचते. तिला सांगावंसं वाटतं, पण मला फक्त एकच प्रश्न विचारता येतो, आणि तो मी एकदा विचारून बसलोय.

म्हणून मित्रांनो, कोणी पुसू का असं विचारलं तर आधी वाचा. आणि दुसऱ्याची होडी जिथे उभी असेल तिथे दोन रिकामे कप्पे बाजूला आहेत का, ते बघा. माझ्यासाठी वेगळं काही नको. फक्त फुंकर मारायचीच असेल, तर सुकटीचं कालवण जेवून लगेच मारू नका.