चर्चचं वळण

“टायर बघून झाले असतील तर चढा आता, काका,” सेराइना ड्रायव्हरच्या जागेवरून म्हणाली. “सकाळी मी बघितलेत.”

“बघितलेस ना? मग झालं.” असं म्हणत फ्लुरीनने मागच्या चाकाला बुटाने एक टोला दिलाच. पिवळ्या बसभोवतीची त्याची प्रदक्षिणा पुरी झाल्याशिवाय रविवारची सहल काही निघणार नव्हती. उर्सिना, त्याची लेक, जेवणाची टोपली पोटाशी धरून पायरीवर उभी होती. नात आनिना केव्हाच आत जाऊन सगळ्या खिडक्यांतून बाहेर डोकावून आली होती.

जित्याची खोड म्हणतात ती ही. चढताना दाराशी एक म्हातारी बाई पर्स उघडत होती, तर फ्लुरीनने तिच्यापुढे हात केला आणि म्हणाला, “तिकीट?” बाईने निमूट काढून दाखवलंही. सेराइनाला हसू आवरेना. तिला ही बस चालवायला फ्लुरीननेच शिकवलं होतं, आणि ती रडकुंडीला येईपर्यंत घाटात मागे-पुढे घ्यायला लावलं होतं.

“काका, तुम्ही रिटायर झालात. फुलं दिली तुम्हाला. केकसुद्धा खाल्ला आपण.”

“केक कोरडा होता,” फ्लुरीन म्हणाला आणि पुढच्या उजव्या बाकावर खिडकीशी जाऊन बसला. आमच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, तेव्हा हा बाक त्याच्या बरोबरीचा. ती मेंगियाची जागा. त्याच्या बायकोची.

आमच्या खोऱ्यात उन्हाळा म्हणजे खिंड उघडी असण्याचे दिवस. बर्फ कापून रस्ता मोकळा झाला की शहरातली माणसं मुलंबाळं, टोप्या आणि दुर्बिणी घेऊन लास्त्रा खिंड बघायला धावत येतात. रविवारी तर जत्राच असते. म्हणजे ज्या दिवशी सगळ्या जगाची सहल, त्या दिवशी बसच्या ड्रायव्हरला मरायला फुरसत नाही. मेंगियाने लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात यावर तोड काढली. रविवारी चर्च आटोपलं की ती बसमध्ये येऊन पुढच्या बाकावर बसायची आणि वरच्या तळ्यापर्यंत जायची. बस वर थांबे तेवढ्या वेळात दोघं दगडी भिंतीशी उभी राहून पाव, सुकवलेलं मांस आणि अक्रोडाच्या केकचा तुकडा खायची, आणि त्याच बसने खाली. चालवताना फ्लुरीन बोलत नसे, त्यामुळे गप्पा अशा फारशा व्हायच्या नाहीत. पण त्यांची सहल ती एवढीच, आणि उर्सिना पोटात होती तो उन्हाळा सोडला तर मेंगियाने ती कधी चुकवली नाही.

त्या रस्त्यावर एक वळण आहे. चढताना डावीकडे वळतं, आणि इतकं आवळून वळतं की लांब बस एका दमात फिरवणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. नकाशात त्याला नाव नाही, पण ड्रायव्हर लोक त्याला चर्चचं वळण म्हणतात. तिथे चर्च नाही, साधा क्रूससुद्धा नाही. नाव पडलं ते एवढ्यासाठी की खालपासून ‘ते बघ, हे बघ’ करत डोकं उठवणारी बस तिथे आली की चर्चमध्ये शिरल्यासारखी एकदम गप्प होते. वळण सरलं की पुन्हा बडबड सुरू.

फ्लुरीनने ते गप्प होणं उभा जन्म ऐकलं, पण तिथे काय दिसतं हे त्याला ठाऊक नव्हतं. हसू नका. डावीकडे वळताना ड्रायव्हरने डावीकडेच बघायचं असतं. वरून कोणी येतंय का, मागचं चाक आतल्या दगडाला घासतंय का, हे सोडून उजवीकडचा देखावा बघणारा ड्रायव्हर एकदाच बघतो. कुतूहल गप्प बसू देईना म्हणून एकदा तो मुद्दाम पायी गेला आणि कठड्याशी उभा राहिला. खाली दरी, समोर डोंगर, डोंगरावर बर्फ. ते तर सगळीकडेच होतं. यात तोंडाला कुलूप लागण्यासारखं काय आहे, हे काही त्याला कळेना. मग त्याने ठरवून टाकलं की बसच्या उंचीवरून, त्या पुढच्या बाकावरूनच काहीतरी वेगळं दिसत असणार.

उतारूंना विचारावं तर कोणी म्हणे “भव्य!”, कोणी म्हणे “शब्द नाहीत.” मेंगियाला विचारलं की ती म्हणायची, “बसशील तेव्हा बघशील.”

बसायचं ठरलंही होतं. गेल्या वर्षी पहिल्या बर्फाबरोबर खिंड बंद झाली आणि फ्लुरीनची नोकरीही संपली. “पुढच्या उन्हाळ्यात आपण दोघं शेजारी बसायचं,” तो म्हणाला होता. “खिडकी मात्र मला द्यायचीस.” “दिली,” ती म्हणाली होती. फेब्रुवारीत न्यूमोनियाने ती गेली. आता उन्हाळा आला होता, रस्ता उघडला होता, खिडकी मोकळी होती. ती जे बघायची ते आपण बघितलं नाही तर ते तिच्याबरोबरच गेलं, असं त्याला सारखं टोचत होतं. म्हणूनच उर्सिना झ्युरिकहून चांगली मोठी गाडी घेऊन आली तरी हा हटून बसला की सहलीला जायचं ते बसनेच.

बस गाव सोडून वर लागली. सेराइनाने पहिल्या आंधळ्या वळणाआधी तीन सुरांचा भोंगा वाजवला, आणि तो वाजायच्या क्षणभर आधी फ्लुरीनने घसा खाकरला. पुढच्या वळणालाही तेच. त्याचा उजवा पाय तर स्वस्थच नव्हता.

“आजोबा, तुम्ही पाय का आपटताय?” मधल्या वाटेच्या बाजूला बसलेल्या आनिनाने विचारलं.

“मुंग्या आल्यात.”

“ब्रेक दाबतायत ते,” मागच्या बाकावरून उर्सिना म्हणाली.

जंगल संपून बर्फाच्या भिंती सुरू झाल्या तिथे वरून एक लाल गाडी आली आणि समोर नाक लावून उभी राहिली. आमच्या घाटात पिवळ्या बसच्या ड्रायव्हरचा शब्द म्हणजे कायदा. तो मागे जा म्हणाला की कितीही मोठ्या माणसाने मागे जायचं. सेराइनाने हाताने खूण केली, डोंगराच्या बाजूने मागे घ्या. त्याच वेळी शेजारच्या काचेतून फ्लुरीननेही खूण केली, दरीच्या बाजूने घ्या, तिकडे जागा जास्त आहे. गाडीवाल्याने दोघांकडे बघितलं आणि इंजिनच बंद करून टाकलं.

“काका.”

“तिकडे खरंच जागा जास्त आहे गं.”

“असेल. हात मांडीवर ठेवा.”

त्याने ठेवले. गाडी डोंगराच्या बाजूने मागे गेली, बस पुढे सरकली. थोड्याच वेळात वरच्या टप्प्याचा कठडा दिसायला लागला तसा फ्लुरीन सावरून बसला. “आता बघ,” तो नातीच्या कानाशी म्हणाला. “आता सगळे गप्प होतील.” आणि सवयीने डावीकडे वळणारी मान त्याने जोर लावून उजवीकडे फिरवली.

सेराइनाने बस सरळ कठड्याकडे नेली. तसंच न्यायचं असतं. लांब बसची पुढची चाकं पहिल्या बाकाच्या मागे असतात, तेव्हा चाक कडेला येईपर्यंत बसचं तोंड कठड्यावरून बाहेर जाऊ द्यायचं आणि मगच वळवायचं. फ्लुरीननेच तिला हे शिकवलं होतं. चाक रस्त्यावर आहे ना, मग तोंडाची काळजी करायची नाही, असं तो म्हणायचा. त्या तोंडात बसलेल्या माणसाला काय दिसत असेल, हा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता.

आधी रस्ता गेला. मग कठडा बुटाखाली सरकून नाहीसा झाला. मग काचेच्या पलीकडे आणि खाली काहीच राहिलं नाही, फार खोल नदीची एक पांढरी रेघ तेवढी होती, आणि बस अजून पुढेच चालली होती.  दोन्ही हातांनी फ्लुरीनने समोरची दांडी घट्ट धरली. उजव्या पायाने नसलेला ब्रेक तळापर्यंत दाबला. मागे सगळी बस गप्प होती.

बसचं तोंड हळूहळू डावीकडे फिरलं, रस्ता परत आला, आणि मागे कोणीतरी हसत म्हणालं, “बापरे, किती भव्य!”

“आजोबा, तुम्ही श्वास घ्यायला विसरलात,” आनिना म्हणाली.

तळं अजून अर्धं गोठलेलं होतं. दगडी भिंतीशी उन्हात जागा बघून उर्सिनाने टोपली उघडली. आनिना बर्फाचे गोळे करून पाण्यात टाकायला पळाली. फ्लुरीनने पाव हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“तुझी आई घाबरायची?”

“कुठे?”

“वळणावर.”

उर्सिना केक कापायची थांबली. “बाबा, जीव मुठीत धरून बसायची ती. शनिवारी संध्याकाळपासून तिला घास जायचा नाही. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

“मला वाटायचं, तिथे काहीतरी बघण्यासारखं आहे.”

“तुम्ही तर गावभर सांगत फिरायचात, आमच्या वळणावर झ्युरिकवाल्यांचीसुद्धा बोलती बंद होते. ती म्हणायची, राहू दे त्याचा आनंद.”

“मग मागे बसायचं होतं. मागे काही कळत नाही.”

“मी हेच म्हणायचे. तर म्हणायची, मागेच बसायचं तर बसमध्ये जायचं कशाला? घरीच बसते की.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंत?”

फ्लुरीनने थोडा विचार केला. तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. “तिच्याकडे बघितलं असतं. घाबरली की काय म्हणून.”

“वळणावर,” उर्सिना म्हणाली.

“वळणावर.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

 काखेत कळसा आणि गावाला वळसा. उभा जन्म तो परक्या माणसांना विचारत बसला आणि उत्तर हाताच्या अंतरावर बसलेलं होतं. त्याला स्वतःचा राग आला, मग थोडा तिचाही आला, आणि मग तिची अशी आठवण आली की फेब्रुवारीतही आली नव्हती. तेव्हा गेली ती त्याच्या ओळखीची मेंगिया होती. ही भित्री, हट्टी बाई त्याला आज भेटत होती, आणि तिला काही म्हणायची सोय नव्हती.

“खा बाबा थोडं.”

“खातो,” तो म्हणाला, आणि त्याने खाल्लं.

परतीच्या बसला गर्दी कमी होती. उर्सिनाने मागचा बाक धरून ठेवला होता. “इकडे या. इथे बरं वाटेल तुम्हाला.”

“नको,” म्हणून तो पुन्हा पुढे, खिडकीशी जाऊन बसला.

चर्चचं वळण उतरताना उजवीकडे वळतं. म्हणजे बाक येतो डोंगराच्या बाजूला आणि हवेत निघतो तो ड्रायव्हर. इतक्या वेळा तो असा हवेत निघाला होता, पण स्वतः ड्रायव्हर असताना त्याला ते कधी जाणवलं नाही. आता त्याला ते बाजूने दिसत होतं. सेराइनाच्या खिडकीपलीकडचा कठडा गेला, डोंगर गेला, तिच्या पाठीमागे नुसतं आभाळ उरलं. आणि त्या आभाळासमोर तिने मान वळवून सरळ त्याच्याकडे बघितलं.

त्याच्याकडे नव्हे. त्याच्यावरून पलीकडे, वळणाच्या आतल्या बाजूच्या आरशात आणि खालच्या रस्त्याकडे. उजवीकडे वळताना उजवीकडेच बघायचं असतं. तिला आरसा दिसावा म्हणून त्याने अंग बाकाला चिकटवलं. इतके उन्हाळे तोही असाच मान वळवून मेंगियावरून पलीकडे बघत आला होता. आणि ती इथे, अशीच अंग चोरून बसून, त्याचा चेहरा बघत असणार. सबंध रविवारात तो तिच्याकडे तोंड करून असायचा तो एवढाच वेळ.

सेराइनाला त्याची नजर जाणवली. “काय काका? काही चुकलं का?”

“नाही गं,” फ्लुरीन म्हणाला. “तू रस्त्याकडे बघ.”