हलका हात

पुनमने दोरीला टांगलेला कॅन ओढून स्वतःच्या नाकाला टेकवला आणि सोडून दिला. पाण्याने भरलेला तो जड कॅन शाळेच्या ओसरीत पलीकडे गेला, वळला आणि सरळ तिच्या तोंडावर चालून आला. सातवीची पोरं ओरडली. नाकापासून बोटभर अलीकडे थबकून कॅन परत फिरला.

“लागला का?”

“नही!”

“का नाही लागला? मी त्याला वर नेलं तेव्हा माझी ऊर्जा त्याच्यात साठली. खाली येताना तिचा वेग झाला, चढताना पुन्हा उंची झाली. ऊर्जा नवी तयार होत नाही, नाहीशीही होत नाही, नुसतं रूप बदलते. मग जिथून सोडला त्याच्या पुढे यायला तो जास्तीची ऊर्जा आणणार कुठून? उलट थोडी वाऱ्यात जाते, म्हणून जरा अलीकडेच थांबतो. आता तुम्ही. फक्त ढकलायचं नाही आणि हलायचं नाही.”

कुंदनने कॅन सोडला आणि भिंतीपर्यंत उडी मारली. रुपली तर खालीच बसली. हसून हसून पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मयुरी पुढे झाली. तिने कॅन सोडला. तो गेला, आला. तिची पापणीसुद्धा लवली नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“शाब्बास! हिचा नियमावर विश्वास आहे बघा.”

“हाल्लं का जास्ती लागस, मॅडम,” मयुरी हळूच म्हणाली.

पुनमने पुढे होऊन कॅन धरला. बराच वेळ धरूनच ठेवला.

मधल्या सुट्टीत तिने मयुरीला बाजूला घेतलं. “तुले कोन मारस?”

“कोनी नही.”

मुख्याध्यापक लीलाधर सरांनी सगळं ऐकून घेतलं. “घरातली गोष्ट आहे, मॅडम. तिच्या बापाशी, भटूभाऊशी, बोलायला जाल आणि उद्या पोरीची शाळाच बंद होईल. मग काय कराल?”

तरी शाळा सुटल्यावर धुळ्याच्या गाडीसाठी फाट्यावर न जाता पुनम मयुरीच्या मागे गावात गेली.

मयुरीच्या आईने, उषाने, खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. मयुरी दप्तर घेऊन कोपऱ्यात बसली. पुनमने अभ्यासाचं काढलं, पावसाचं काढलं, आणि शेवटी कॅनची गोष्ट सांगितली. मयुरी काय म्हणाली तेही सांगितलं.

उषाने गॅस बंद केला. चहा गाळताना ती पाठमोरीच राहिली.

“मीच मारस तिले.”

पुनमचा चढलेला आवाज तिचा तिलाच ऐकू आला. “तुम्ही? आई असून?”

“हिना बाप येवाना आधी मारी लेस. मना हात हलका शे.” उषाने कप पुढे केला. पदर सरकला तशी तिने तो घाईने मनगटावर ओढून घेतला. “रडेल पोर दिखनी का मंग बाप तिले हात लावस नही.”

पुनमने कप घेतला. चहा तिने कसाबसा संपवला आणि पर्स उचलून उभी राहिली.

बाहेर मोटरसायकल वळल्याचा आवाज आला. मयुरीला कोणी काही सांगितलं नाही. तिने दप्तर उचललं, चपला हातात घेतल्या आणि मागच्या दाराने निघून गेली.

“मॅडम, तुम्ही निंघा आते,” उषा म्हणाली. “हिना बापले काही बोलू नका. मंग रातले आम्हालेच...”

मोटरसायकल अंगणात बंद झाली.

पुनमने दाराकडे पाहिलं. मग खुर्ची दाराच्या बाजूला वळवून ती पुन्हा बसली.

“भटूभाऊ आले वाटतं,” ती बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “त्यांनाही चहा ठेवा, ताई. मी पण आणखी अर्धा कप घेईन. मला घाई नाही.”

उषाने पातेल्यात पाणी ओतलं. बरंचसं बाहेर सांडलं.