बाठा कोणाच्या ताटात?

बाठ्याला चव जास्त असते, असं तुमच्याही घरात कोणीतरी म्हणत असेल. कोण म्हणतं ते जरा आठवून बघा. फोडी खाणारा म्हणतो, की बाठा चोखणारी? मे महिन्यात कुठल्याही घरात दुपारच्या जेवणाला डोकावा आणि फोडी कोणाच्या ताटात पडतात, बाठा कोणाच्या, एवढंच पाहा. त्या घराची सगळी कुंडली कळते, वेगळं काही विचारावं लागत नाही.

कासूजवळच्या एका गावात कमळाकर तात्यांचं घर आहे. पावसाळ्यात भात, थंडीत वाल, आणि दारापुढे हापूसचं एक कलम. तात्या तसे भले गृहस्थ. कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांना एकच गुर्मी होती, आंबा कापण्याची. स्वतः धार लावलेली सुरी दुसऱ्या कोणाच्या हाती लागू द्यायचे नाहीत. दोन्ही गाल असे अलगद उतरवायचे, आणि कडेच्या पट्ट्याही अशा सोलून घ्यायचे, की बाठ्यावर नावालाही गर उरू नये. पाहुण्याने ‘वा तात्या’ म्हटलं की सुरी पुसता पुसता मिशीत हसायचे.

फोडी तात्यांच्या आणि त्यांचा मुलगा निलेश याच्या ताटात पडायच्या. बाठे एका वाडग्यात जमा व्हायचे. पुरुषांची जेवणं आटोपली की तात्यांच्या पत्नी शांतीबाई आणि सून प्रतिक्षा आत बसायच्या आणि ते वाडगं पुढे ओढायच्या. चोखून झालेले बाठे मग अंगणात, मुकादमपुढे. मुकादम म्हणजे घरचा कुत्रा. लावणीच्या वेळी बांधावर बसून मजुरांवर नजर ठेवतो म्हणून तात्यांनीच कौतुकाने हे नाव दिलं होतं.

प्रतिक्षा लग्न होऊन आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात शांतीबाईंनी तिला सांगितलं होतं, “बाठ्यालाच खरी चव असते गो.” प्रतिक्षाला वाटलं, सासू थट्टा करतेय. पण शांतीबाई मान खाली घालून मन लावून बाठा चोखत होत्या. तेव्हा तीही गप्प बसली. पुढे ती पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायला लागली. स्वतःच्या कमाईतून आंबा घेऊन खाणं तिला काही कठीण नव्हतं, आणि कधी कधी ती खायचीही. पण घरी परतून त्या वाडग्यापुढे बसलं की तिला कसंसंच व्हायचं. का, ते तिला धड सांगता येत नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात मुकादमने अन्न सोडलं. नुसता ओकायचा, आणि कलमाखाली पोट मातीला टेकवून पडून राहायचा. शेजारचा प्रविण मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, तात्या, आंबा कुत्र्याला विष असतो, हे बघा यात लिहिलंय. झालं! तात्या सुनेवर उखडले. अंगणात बाठे टाकतं कोण? प्रतिक्षाने विचारलं, अंगणातले बाठे आजवर कोणाला दिसले नव्हते का? पण भांडायची ती वेळ नव्हती. प्रविणच्याच रिक्षात मुकादमला घालून तात्या आणि प्रतिक्षा पेणला रामवाडीत निघाली. तिथे जनावरांच्या डॉक्टर मृणाली मॅडमचा दवाखाना होता. कारखान्यात जाता-येता प्रतिक्षा त्याची पाटी रोज वाचायची. वाटभर तात्यांनी मुकादमचं डोकं मांडीवर धरलं होतं, आणि धोतराच्या सोग्याने ते एकदा त्याचं तोंड पुसत होते, एकदा स्वतःचे डोळे.

आतड्यात बाठा अडकला होता. ऑपरेशन करावं लागलं. कुत्रा वाचला. बाहेर येऊन डॉक्टरांनी तो बाठा तात्यांना ट्रेमध्ये दाखवला. चांगला घासूनपुसून घेतल्यासारखा, गराचा कण नसलेला.

“म्हणजे आंबा विषच ना मॅडम?” तात्यांनी विचारलं.

“नाही हो काका. गर दिलात तर चालतो. साल काढायची, बारीक तुकडे करायचे, आणि तेही कधीतरी, दोन-चार. फार गोड असतो तो, वाडगंभर नको. आणि आता टाके भरेपर्यंत तर काहीच नको. बाठा मात्र कधीच द्यायचा नाही. घशात अडकतो, आतड्यात अडकतो, आणि चावून फोडला तर आतली बीसुद्धा वाईट.” मग डॉक्टर जरा रागानेच म्हणाल्या, “खायचा भाग आपण खायचा आणि फेकायचा भाग त्याच्यापुढे टाकायचा. याला माया म्हणतात का?”

तात्यांनी कान पकडले. प्रतिक्षा मागे उभी होती. डॉक्टरांनी ते कुत्र्याविषयी म्हटलं होतं, पण तिच्या मनात ते वाक्य घर करून बसलं.

मुकादम हळूहळू सावरला. टाके निघाले. तात्यांनी घरात फर्मान काढलं, यापुढे एकही बाठा अंगणात दिसता कामा नये, सगळे परसात खड्ड्यात पुरायचे. मग एका रविवारी निलेशची रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट नव्हती, सगळे घरी होते. तात्या आंबे घेऊन बसले. पहिल्या आंब्याचा पहिला गाल त्यांनी बाजूला काढला, त्याची साल अगदी पातळ सोलली, नखाएवढे तुकडे केले आणि मुकादमच्या ताटलीत ठेवले. “ये रे राजा,” म्हणाले. मुकादमने शेपूट हलवत ताटली चाटूनपुसून साफ केली. तात्यांना भरून आलं. मग त्यांनी स्वतःच्या आणि निलेशच्या ताटात फोडी घातल्या. आणि बाठे? बाठे नेहमीसारखे वाडग्यात टाकून ते वाडगं त्यांनी आत सरकवलं.

मंडळी, काय झालं ते लक्षात आलं ना? कुत्र्याला बढती मिळाली. बायका जिथल्या तिथेच राहिल्या!

प्रतिक्षा भात वाढत होती. तिने पातेलं खाली ठेवलं.

“तात्या, मुकादमला बाठा का नाय दिलात?”

“अगो, मॅडमनी सांगितला ना. फेकायचा भाग हाय तो.”

“फेकायचा भाग,” प्रतिक्षा म्हणाली. “मग आमच्या वाडग्यात कसा?”

जेवताना हे काय काढलंस, असं निलेश तिच्यावर ओरडला. तात्या म्हणाले, दोन फोडींसाठी एवढा तमाशा कशाला, उद्या पेटीभर आंबे आणून देतो, बस खात. प्रतिक्षाचा आवाज चढला नाही, पण ती जागची हललीही नाही.

“पेटी नको. आंबा मला पेणलापण मिळतो. ह्या घरात माझा नंबर कुत्र्याच्या मागे हाय का, तेवढा फक्त सांगा.”

आतून शांतीबाईच धावून आल्या. सासऱ्याला उलट बोलते म्हणून त्यांनी सुनेला झापलं आणि जुनंच पालुपद लावलं, की बाठ्यालाच खरी चव असते, आम्ही काय वेड्या होतो का आजवर?

“मग तात्यांना द्या ना आई,” प्रतिक्षा म्हणाली. “चांगली चव त्यांना नको का?” आणि तिने ते वाडगं उचलून तात्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

तात्या ताटावरून उठले आणि ओटीवर जाऊन बसले.

त्यानंतर घरात आंबा कापला गेला नाही. गवताच्या अढीत आंबे पिकत होते, त्यांचा वास घरभर फिरत होता, पण सुरीला हात लावायला कोणी तयार नव्हतं. गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? विहिरीवर बायका प्रतिक्षाला ‘फोडीवाली’ म्हणायला लागल्या. हसणाऱ्या बायका, बरं का! ज्यांच्या घरी बाठ्याचं वाडगं रोज आत सरकत होतं, त्याच हसत होत्या. प्रतिक्षा ऐकून घ्यायची आणि घागर भरून घरी यायची. वाईट वाटत नव्हतं असं नाही. एकदा तर वाटेत थांबून तिने डोळे पुसले. पण माघार घ्यायचा विचार तिने मनातही येऊ दिला नाही.

निलेश मात्र रोज पिच्छा पुरवत होता. तात्यांची माफी माग, विषय मिटवून टाक, नाहीतर चार दिवस माहेरी जाऊन राहा. सैपाकघरात भांडण जुंपलं. शांतीबाई तिथेच सुपात वाल निवडत बसल्या होत्या.

“माफी कशाची मागू? काय चोरलाय मी?” प्रतिक्षाने विचारलं.

“आईने जन्मभर बाठेच खाल्ले. काय वाईट झाला तिचा?”

“मुकादमपण इतकी वर्षं खातच होता की. त्याचापण काय वाईट झाला नव्हता. पोटात अडकला तेव्हा कळला ना?”

निलेश पाय आपटत निघून गेला. सुपातले शांतीबाईंचे हात थांबले होते. त्या वाल तसेच टाकून बाहेर कलमाखाली गेल्या. प्रतिक्षाने दारातून पाहिलं. सासू खोडावर हात ठेवून उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या आणि निलेश जेवायला बसले, तर समोर चार पाटांची ओळ. शांतीबाईंनी अढीतले आंबे परातीत आणून ठेवले, सुरी तात्यांच्या पुढ्यात ठेवली, आणि स्वतः त्यांच्या बरोबरीने पाटावर बसल्या. सुनेला म्हणाल्या, “बस गो तूपण.” शांतीबाईंचं लग्न झाल्यापासून त्या घरात असं कधी घडलं नव्हतं.

“हा कलम कोणी आणला?” शांतीबाईंनी नवऱ्याला विचारलं. आणि उत्तरही त्यांनीच दिलं. “मी आणला. रोह्याहून, माहेरातून, मांडीवर घेऊन. उन्हाळ्यात विहिरीवरनं घागरी वाहून मी जगवला. आणि त्याची फोड माझ्या ताटात कधी पडली नाय. पाखराने टोचलेला, खाली पडलेला खाल्ला. नायतर बाठा. बाठ्याला चव असते, असा मला माझ्या सासूने सांगितला. ती खोटा बोलली. मीपण माझ्या सुनेला तेच सांगितला. मीपण खोटा बोलले.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. “ही पोर खरा बोलली, तर तिलाच झापला मी. आता कापा. आणि आज बाठा तुम्ही घ्या.”

निलेश काहीतरी बोलणार होता. तात्यांनी हातानेच त्याला थांबवलं आणि सुरी उचलली. हात सवयीचा, तो आपलं काम करत गेला. गाल अलगद उतरले, कडेच्या पट्ट्या निघाल्या. पहिल्या फोडी शांतीबाईंच्या ताटात, दुसऱ्या प्रतिक्षाच्या. मग निलेशच्या. उरलेला बाठा तात्यांनी स्वतः उचलून तोंडात धरला.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. तात्यांनी बाठा चोखला. फिरवून दुसऱ्या बाजूने चोखला. मग तोंडातून काढून डोळ्यांसमोर धरला. दवाखान्यातल्या ट्रेमध्ये होता तसाच तो, घासूनपुसून घेतलेला.

“ह्याला तर काहीच नाय,” ते पुटपुटले.

“नसणारच,” शांतीबाई म्हणाल्या. “हात तुमचाच हाय.”

इतक्या वर्षांत ज्या हातावर तात्यांनी ‘वा’ म्हणवून घेतलं होतं, त्या हाताकडे ते पहिल्यांदाच असं बघत होते. त्यांची मान खाली गेली. “चुकला माझा,” ते म्हणाले. आधी बायकोला म्हणाले, मग सुनेकडे वळून पुन्हा म्हणाले. “कुत्र्याच्या पोटातला बाठा मला दिसला. घरातल्या माणसांच्या वाडग्यातला नाय दिसला.”

शांतीबाईंनी फोड उचलली. सावकाश खाल्ली, सालीवरचा गरही दातांनी ओढून घेतला. कशी आहे, असं प्रतिक्षाने विचारलं, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “गोड हाय गो. झाड चांगला निघाला माझा.” निलेशने मुकाट्याने आपल्या ताटातल्या दोन फोडी तात्यांच्या ताटात सरकवल्या. दारात मुकादम शेपूट हलवत वाट बघत होता. त्यालाही, साल काढून, दोन तुकडे मिळाले, पण सगळ्यांची ताटं भरल्यावर.

आता त्या घरात चौघं एकदम जेवायला बसतात. बाठा कोणाला आवडत असेल तर तो आवडीने घेतो, नाहीतर परसातल्या खड्ड्यात जातो. विहिरीवर प्रतिक्षाला अजून कोणी कोणी ‘फोडीवाली’ म्हणतात. ती आता हसून ‘व्हय’ म्हणते. त्यातल्याच दोघी-तिघींनी घरी जाऊन वाडगं परत बाहेर सरकवलं, असंही कानावर आलं आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, कुत्र्याला आंबा द्यावा का, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. गर थोडासा चालेल, बाठा मुळीच नको. पण हे उत्तर लक्षात ठेवताना जरा आपल्या पंगतीकडेही वळून बघा. जे आपण मुक्या जनावराच्याही पुढे टाकू नये, ते आपल्या आईच्या, बायकोच्या, सुनेच्या ताटात चवीचं नाव देऊन वाढू नका. आणि भगिनींनो, कोणी वाढलंच, तर गोड मानून घेऊ नका. वाडगं उचला आणि वाढणाऱ्याच्या पुढे ठेवा.