डावा तळवा

गौरव्वानं सूप असं झटकलं की ज्वारीचा कोंडा थेट डॉक्टर विशालाक्षीच्या साडीवर येऊन बसला. तिनं तो झाडला नाही. कट्ट्यावर बस असं कुणी म्हटलं नव्हतं, तरी ती टेकली.

गदगच्या त्या मुलखात वीजबिल द्यायला आलेल्या माणसापुढंही आधी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा येतो. इथं सून दोनदा दारात डोकावली आणि सासूचा चेहरा बघून मुकाट्यानं आत गेली.

“अव्वा, तुमच्या मुलाशी माझं बोलणं झालंय. तो म्हणाला, आई बोलेल.”

“मुलगा म्हणाला ना? मग त्यालाच विचार. आणि मी तुझी अव्वा नव्हे.”

विशालाक्षी हिरेमठ शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर होती, पण अलीकडं तिचं खरं काम निराळंच होतं. तातडीच्या विभागात जीव टांगणीला लागलेला असतो, तेव्हा डॉक्टर माणसांशी कसे वागतात, त्यांच्यात माया उरते की नाही, यावर ती संशोधन करत होती. तिचे निबंध परदेशात छापून येत. आता डॉक्टर नदाफला त्या विभागातून काढावं, अशी शिफारस ती इस्पितळाच्या समितीपुढं करणार होती. नदाफ नातेवाइकांवर खेकसतो, हे सगळ्या इस्पितळाला ठाऊक होतं. फक्त ते एखाद्या नातेवाइकाच्या तोंडून यायला हवं होतं, आणि गौरव्वाचा नवरा नदाफच्याच हातांत गेला होता.

“तुमच्या यजमानांना आणलं, तेव्हा डॉक्टर नदाफ तुमच्याशी कसे बोलले?”

सूप थांबलं.

“कसा बोलणार? वसकन अंगावर आला. माझ्या दिराला ढकललं. मला म्हणाला, रडायचं तर बाहेर जाऊन रड, तुझ्या रडण्यात मला याचा श्वास ऐकू येत नाही. नवरा मरत होता माझा. तोंडाचा घाण माणूस. लिही.”

विशालाक्षीनं लिहिलं. आपल्याला आनंद होतोय हे तिच्या ध्यानात आलं, तरी पेन थांबलं नाही.

“एवढं पुरे आहे,” ती म्हणाली. “त्यांना आता तिथं ठेवणार नाहीत.”

“ठेवू नका असं कोण म्हणालं?”

विशालाक्षीनं मान वर केली. गौरव्वानं सूप बाजूला सारलं होतं.

“हिरेमठ ना तू? म्हणजे आमच्यातलीच, लिंगायत. गळ्यात लिंग आहे?”

“घरी असतं. देवघरात.”

“देवघरात.” गौरव्वा हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. “ह्यांच्या गळ्यात पोरवयापासून होतं. एक दिवस अंगावेगळं झालं नाही. तुमच्या नर्सनं दोरा कापला आणि लिंग चपलांच्या पिशवीत टाकलं. गोड बोलून टाकलं हं, काळजी करू नका आजी म्हणाली. मी बोंबलत होते, ते कुणाला कळेना. त्या नदाफला कळलं. तिच्यावर ओरडला, माणूस जिवंत आहे अजून, त्याचा देव चपलांत टाकतेस? पिशवीत हात घालून लिंग काढलं, ह्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवलं, वरून पट्टी बांधली. पूजेला बसल्यावर ठेवतात ना, तसं. आणि परत छाती दाबायला लागला.”

तिनं बाजूच्या सुपातला एक खडा वेचून फेकला.

“समाधीच्या खड्ड्यात बसवताना पट्टी सोडली. लिंग तिथंच होतं.”

त्या दिवशी विशालाक्षी तिथंच निरीक्षण करत होती; ते ओरडणं तिला आठवत होतं. ‘परिचारिकेवर आरडाओरडा’ अशी नोंद तिनं तिथल्या तिथं केली होती. पट्टी बांधतानाही तिनं पाहिलं होतं. हाताला जखम असेल असं तिला वाटलं होतं.

“त्याला मी माफ केलेलं नाही,” गौरव्वा म्हणाली. “पण त्याला तिथून हलवायचं नाही. आता दुसरं लिही. तिथं कोपऱ्यात एक बाई उभी होती. अशीच कडक इस्त्रीची साडी. माझ्या घशाला कोरड पडली होती. बाईमाणूस दिसली म्हणून तिच्याकडं घोटभर पाणी मागितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून लिहीत राहिली. तिचं काय करणार तुमची समिती?”

निरीक्षण करणाऱ्यानं मध्ये पडायचं नाही, हा नियम विशालाक्षीचाच होता. तो का हवा, हे तिनं निबंधात चांगलं पानभर समजावलं होतं. त्यातलं एक वाक्य तिला आत्ता सांगता येईना.

“जरा पाणी मिळेल का?” ती कशीबशी म्हणाली.

गौरव्वा तिच्याकडं बघत राहिली. मग सूप पुन्हा मांडीवर घेत तिनं आत सुनेला हाक मारली.

“सुवर्णा, पाणी आण हिला.”

आत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, तशी गौरव्वानं पुन्हा हाक दिली.

“गूळ नको.”