रविवारच्या घराचा जिना

मी एक जुना लाकडी जिना आहे. घराच्या आतला नव्हे, बाहेरचा. टेक्सासच्या टेकड्यांतल्या लिंडनटाल गावात, एका चिमुकल्या दगडी घराच्या भिंतीला टेकून मी उभा आहे.

मित्रांनो, हे गाव जर्मनीहून आलेल्या लोकांनी वसवलं. त्यांची शेतं लांब. शनिवारी घोडागाडीतून बाजाराला यायचं, रविवारी चर्च करून परतायचं. त्या एका मुक्कामापुरती त्यांनी गावात दीड खोलीची घरं बांधली, ती रविवारची घरं. खाली आईबाप आणि लहानगी, वर पोटमाळ्यावर मोठे मुलगे. आत जिन्याला जागा कुठली? या घरच्या मालकीणबाई ओटिलीबाई; त्यांच्या नवऱ्याने ओकच्या फळ्या तासून मला बाहेरच घडवलं.

चिखलाच्या बुटांनी पोरं धडाधडा वर चढायची. माझ्यावर बसून पीच खायची, बिया खाली भिरकावायची.

"हळू रे मेल्यांनो, शेजारी चर्चचे पास्टर राहतात," ओटिलीबाई दटावायच्या.

मग मोटारी आल्या. माणसं सकाळी येऊन संध्याकाळी परतू लागली आणि घराला कुलूप लागलं. पुढे ते प्रवाशांना भाड्याने दिलं गेलं. प्रवासी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत, वर मात्र कोणी येत नसे. एका रंगाऱ्याने माझ्या खालच्या पायऱ्या हलतात म्हणून खिळ्यांनी ठोकल्या आणि त्यांवर हिरवा रंग फासला. ते खिळे मला फार सलत.

गेल्या वर्षी ओटिलीबाईंचा पणतू कुर्ट, त्याची बायको कर्स्टन आणि नुकता चालायला लागलेला एमिल इथे राहायला आले. भांडी घासतानाही कर्स्टनचा एक कान माझ्याकडे असे. तरी एका दुपारी ती चादरी वाळत घालत होती, तेवढ्यात एमिल चार-पाच पायऱ्या चढून गेला. कठडा कधीचाच मोडला होता. तिने धावत येऊन त्याला उचललं. 

"हा जिना काढायचा. मला झोप लागत नाही," ती कुर्टला म्हणाली.

रविवारी कुर्ट पहार घेऊन आला. माझे दिवस भरले, असं मला वाटलं. तेवढ्यात चर्चमधून त्याची हुल्दाआत्या पीचचा केक घेऊन आली.

"काय रे, घर पाडतोस की काय?"

"जिना काढतोय, आत्या. एमिल चढतो."

"चढणारच. तूही माकडच होतास. पण पायऱ्या उचलून का ठेवत नाहीस?"

"उचलून?" कर्स्टनने विचारलं.

"अगं, माझ्या ओटिलीआजीची नऊ पोरं दर शनिवारी याच घरात मुक्कामाला असायची. तिला काय काळजी नव्हती? तो रंग खरवड बघू, कुर्ट."

रंगाखाली बिजागऱ्या निघाल्या आणि वर भिंतीत एक गंजलेली कडी. कुर्टने खिळे उपटले, तेल सोडलं. खालच्या चार पायऱ्या कुरकुरत वर गेल्या आणि कडीला अडकल्या. एमिल खाली उभा राहून हात वर करून रडू लागला. कर्स्टन मात्र कितीतरी दिवसांनी हसली.

"रड बाबा. तुझा पणजोबाही इथेच उभा राहून रडायचा, असं आजी सांगायची," आत्या म्हणाली.

आता मला नवा कठडा आहे. आठवडाभर मी पाय वर घेऊन असतो. रविवारी पाहुणे आले, की कर्स्टन कडी सोडते. एमिल माझ्यावर चढतो आणि तिचा हात त्याच्या पाठीशी असतो.

मित्रांनो, जुनी वस्तू अडचणीची वाटली, तर जरूर काढा. पण आधी तिच्यावरचा रंग थोडा खरवडून पाहा. तुमच्यासारखीच काळजी करून गेलेली कोणी आई तिथे सापडेल.