अत्त्यानं घालायचं पाणी

अंगठ्याच्या नखाच्या कडेला अडकून राहिलेलं ते पिवळं — खडूचं नव्हे, खडू पांढराच होता — भामानं पदराला घासून पाहिलं, टेबलाच्या कडेला घासून पाहिलं, आणि मग मुठीत झाकून घेतलं. इतकी भांडी घासली, इतके कपडे धुतले, तरी ही हळद जात नाही म्हणजे काय...

वहीवर पंजा ठेवा, बोटं पसरा, असं ती मुलांना सांगत होती, आणि पाचवीची पोरं पेन्सिलीनं आपापल्या बोटांभोवती रेघ ओढत होती. शुक्रवारचा शेवटचा तास. वेळापत्रकात त्याला जीवनकौशल्य म्हणतात; आपलं शरीर, आपला राग, आपली भीती, हात कसे धुवायचे, नको कसं म्हणायचं, सगळं त्यातच. तंजावूरच्या या शाळेत तो तास कुणालाच नको होता म्हणून भामाकडे आला, आणि तिला तो आवडला होता. होता... पंजाच्या प्रत्येक बोटावर एका मोठ्या माणसाचं नाव लिहायचं, ज्याला आपण काहीही सांगू शकतो असं. गेल्या वर्षी कितीतरी पंजांवर आपलं नाव पाहून ती परतताना बसमध्ये एकटीच हसली होती.

दुसऱ्या रांगेत हरिता बसली होती. भावाची, सतीशकुमारची मुलगी; घरी अत्त्या म्हणायची, शाळेत टीचर. बऱ्याच दिवसांनी आज शाळेत आली होती आणि बाक दुसऱ्या कुणाचा असावा तशी कडेला टेकली होती.

आपल्याकडेच आली होती ती, सगळ्यांच्या आधी. खेळाचं सामान ठेवतात त्या खोलीत, उड्यांच्या दोऱ्यांच्या गुंत्याशेजारी उभी राहिली — स्कर्टला मागं डाग, तोंड उतरलेलं, पण रडत नव्हती. हा आजार नव्हे, यात लाज नव्हे, हे तासाला शिकलेली होती ना. भामाला तेव्हा अभिमानच वाटला होता. तिनं कपाटातलं पॅड काढून दिलं, कसं लावायचं ते सांगितलं. मुलगी म्हणाली, आईला सांगू नको अत्त्या, आईला सांगितलं की सगळ्यांना कळेल. आणि भामा हसली — किती सहज हसली होती मी! — आईला कुणी भितं काय, म्हणाली. शरीर तुझं, गोष्ट तुझी. आईला तेवढी सांग.

तेवढी...

पाठोपाठ रस्त्याच्या तोंडाशी, दोन खांबांमध्ये फ्लेक्स लागला. हरिता रेशमी परकर-ओढणीत, इथल्या दावणीत, हनुवटीखाली बोट ठेवून, मागे धबधबा आणि मोर. वर मोठ्या तमिळ अक्षरांत मुलीला न्हाण आल्याची बातमी आणि मंडपाचं नाव. खाली ओळीनं नातेवाइकांचे गोल फोटो, आणि त्या ओळीत भामा. पापनाशमकडे जाणाऱ्या बसगाड्या तिथंच वळतात. वळणावर गाडी अडली की लोक खिडकीतून निवांत वाचत बसायचे.

गप्प बसली नव्हती भामा. सतीशच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर भांडली. आपल्या घरात हे कधी होतं का रे? मला आईनं परसात न्हाऊ घातलं, चार बायकांनी ओवाळलं, संपलं. आम्ही मराठे राजांबरोबर आलेली माणसं म्हणून छाती फुगवतोस, ती कुठं गेली?

"राजा गेला, अक्का, आपण राहिलो," सतीश म्हणाला. "मग इथल्यांसारखंच राहायला नको? सगळ्यांच्या मंडपात जाऊन जेवून आलो मी. माझी पोर मोठी झाली तर दार लावून बसू?" आणि मग समजूत घातल्यासारखा हसला. "तूच वर्गात शिकवतेस की, यात लाजायचं काही नाही म्हणून. आम्ही कुठं लाजतोय?"

भामा दुकानाची पायरी उतरून तशीच घरी आली.

पहिलं पाणी अत्त्यानं घालायचं असतं. वन्संनी घातलं नाही तर लोक पोरीतच काहीतरी खोट काढतील, असं भावजय, सौम्या, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होती... म्हणजे पोरीसाठीच म्हणून भामा मंडपात उठली, तांब्या हळदीच्या पाण्यात बुडवला. दोघी बायकांनी हरिताच्या डोक्यावर चाळण धरली होती. मुलगी तोंडातल्या तोंडात म्हणाली, "नको, अत्त्या." तासाला सगळ्यांसोबत बाकं बडवून ओरडायची ते तमिळ 'वेंडाम' नव्हे, घरातलं, मराठी, फक्त दोघींना ऐकू येणारं. भामानं ओतलं. चाळणीतून पाणी पिवळ्या धारांनी त्या लहान चेहऱ्यावरून उतरलं, आणि फोटोवाला म्हणाला, अजून एकदा, ताई, जरा सावकाश, तुमचा चेहरा आला नाही.

पहिल्या वेळेला कारण होतं. दुसऱ्यांदा मी कुणासाठी ओतलं?

"टीचर, तुमचाही फोटो आहे कोपऱ्यावर," मागून कार्तिकेय म्हणाला. "छान आलाय."

वर्ग हसला. वाईट मनानं नाही, पोरं हसतात तसा. हरिता हसली नाही, रागावलीही नाही. पेन्सिल वहीवर आडवी ठेवून तिनं सरळ भामाकडे पाहिलं.

"टीचर, सगळी बोटं भरायलाच हवीत?"

ज्यांची नावं आठवतात त्यांचीच लिहा, भामा सगळ्या वर्गाला म्हणाली, जणू सगळ्या वर्गानंच विचारलं होतं. आणि फळा पुसायला वळली. फळा कोराच होता.

घंटा झाली. हरिता सगळ्यांत आधी बाहेर पडली. पोरं दारातून सांडली, बाकांवर धूळ तेवढी राहिली — आणि वासुकी. खिडकीजवळची उंच मुलगी, बोलायला लाजणारी. दप्तर पाठीऐवजी कमरेमागं धरून ती जागच्या जागी उभी होती, आणि ते धरणं भामानं ओळखलं. इतक्या वर्षांत किती पोरींना तसं उभं राहिलेलं पाहिलं होतं तिनं.

"टीचर... एक सांगायचं होतं."

पूर्वी अशा वेळी ती खुर्ची पुढं ओढायची, दार अर्धं लोटायची. आता ती टेबलामागंच थांबली. व्हरांड्यातला गलका लांब जात चालला होता, आणि तो लांब जाऊ नये, कुणीतरी परत यावं, काहीतरी विसरलेलं घ्यायला तरी यावं...

"सांग," ती म्हणाली. शब्द ओठांवर असतानाच मनात दुसरंच चाललं होतं — पेन्सिल हरवलेली असू दे, कुणी डबा खाल्लेला असू दे. आणि तसलं काही नसेल, तर देवा, या पोरीला माझ्याशी खोटं बोलायची अक्कल असू दे.