उजवीकडची सीट

मेहुणा ज्या विमान कंपनीत नोकरीला होता ती बुडाल्याची बातमी आली तेव्हा कॅप्टनला आनंद झाला नाही, आणि वाईटही फारसं वाटलं नाही. सकाळपासून चारदा उडून चारदा उतरलेल्या माणसाला घरी आल्यावर आधी बूट काढायचे असतात. ते त्याने काढले, पाय सोफ्याच्या हातावर टाकले आणि बायको फोनवर भावाची समजूत घालत होती ते ऐकत पडून राहिला.

मेहुण्याला या धंद्यात आणलं होतं कॅप्टननेच. पंख्यांची छोटी विमानं उडवणाऱ्या आपल्या कंपनीत शब्द टाकून त्याने त्याला चिकटवलं होतं. डोंगरातली, खाडीकाठची गावं जोडणारी पाऊण तासाची उड्डाणं. मेहुण्याने तिथे अनुभव गाठीशी बांधला आणि पहिली संधी येताच मोठ्या जेट विमानांकडे निघून गेला. कॅप्टनही जाणार असं तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं. तो गेला नाही. पुढे घरी जमले की मेहुणा विचारायचा, "काय भावोजी, टांगा कसा चाललाय?" सगळे हसायचे, कॅप्टनही हसायचा. बायको तेवढी हसायची नाही. ताटं उचलता उचलता म्हणायची, "यांच्या बरोबरीचे कुठल्या कुठे गेले."

आता पन्नाशी ओलांडलेला मेहुणा परत त्याच छोट्या कंपनीत आला. या धंद्यात अनुभव कितीही असो, कंपनी बदलली की रांगेत शेवटून उभं राहावं लागतं. त्याला को-पायलट म्हणून घेतलं, तेही जमलं तर ठेवू या बोलीवर.

"तुझ्याबरोबर काही दिवस उडू दे," चीफ पायलट कॅप्टनला म्हणाले. "मग सांग मला, तयार आहे की नाही."

"दुसऱ्या कुणाला द्या ना. बायकोचा भाऊ आहे तो."

"दुसरा कोण उरलाय? सगळे सोडून गेले."

पहिल्या दिवशी मेहुणा उजवीकडच्या, को-पायलटच्या सीटवर बसला, तेव्हा त्याचे गुडघे समोर टेकत होते. "एवढं अरुंद होतं का हे?" तो म्हणाला. कॅप्टन सीटवर अंग सरळ करत होता. सकाळपासून त्याची पाठ धरली होती.

डोंगरातल्या गावाची धावपट्टी आखूड होती आणि तिच्या टोकाला कडा होता. दुपारी दरीतून वारा सुटला की विमान एका अंगाला ओढलं जायचं. विमान मेहुण्याच्या हातात होतं. तो जरा उंचावरून आला, आणि जोरात आला.

"वेग," कॅप्टन म्हणाला.

मेहुण्याने वेग कमी केला.

"अजून. नाही, राहू दे. परत वर घे."

"पट्टीत बसेल, भावोजी."

"वर घे."

मेहुण्याचा हात तसाच राहिला. कॅप्टनने आणखी वाट पाहिली नाही. "माझ्याकडे दे," म्हणत त्याने विमान हातात घेतलं आणि वर उचललं. मागे कुणाचं तरी मूल रडायला लागलं. डोंगराला वळसा घालून तो पुन्हा आला आणि त्याने विमान उतरवलं.

प्रवासी उतरले, बॅगा उतरल्या. दोघे पंखाच्या सावलीत कागदी कप घेऊन उभे राहिले.

"बसलं असतं," मेहुणा म्हणाला.

"बसलं असतं कदाचित."

"मग?"

"पुढे कडा आहे. कदाचितवर मी इथे उतरत नाही."

मेहुण्याने कप चुरगळला. "ताईला सांगू नका."

आपणहून सांगायची वेळच आली नाही. घरात पाऊल टाकताच बायकोने विचारलं, "कसा चालवतो?" ती शाळेत गणित शिकवायची आणि तिला उत्तर सरळ लागायचं.

"हात चांगला आहे. सवयी मोठ्या विमानाच्या आहेत. वेळ लागेल."

"चीफना काय सांगणार?"

"हेच."

"काढून टाकतील त्याला. दोन मुलं शिकतायत त्याची." ती उठली आणि परत बसली. "इतकी वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात. नेमकं आत्ताच तुम्हाला खरं बोलायचं सुचलं?"

"त्याच्या मागे माणसं बसलेली असतात गं."

ती उठून आत गेली. पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलत राहिली.

चीफनी मेहुण्याला काढलं नाही, चाचणीची मुदत वाढवली. पण ज्याला एकदा समुद्र ओलांडायची सवय लागली त्याला मुदतवाढ म्हणजे थोबाडीतच. मेहुणा आता कॅप्टनला भावोजी म्हणेना. "हो, कॅप्टन." "नाही, कॅप्टन." पाऊण तासाच्या उड्डाणात तेवढंच संभाषण. धुकं असलं की दोघे धुकं उठायची वाट बघत बसायचे, आणि प्रवासी काउंटरवरच्या मुलीवर डाफरायचे. उड्डाण रद्द झालं की शिव्या, आणि विमान सुटलं तर खालच्या गावात पोचायला उशीर म्हणून पुन्हा शिव्या. घरी आल्यावर कॅप्टनच्या कानात पंख्यांचा आवाज झोप लागेपर्यंत घुमत राहायचा. कधी कधी त्याला वाटायचं, आपल्या आयुष्यात आपण एकच दिवस जगलो आणि तोच पुन्हा पुन्हा धुऊन वापरला.

मग एका दुपारी त्याच धावपट्टीवर, तसल्याच वाऱ्यात मेहुणा उतरत होता. सगळं बरं दिसत होतं. अचानक त्याने स्वतःहून विमान वर घेतलं.

"काय झालं?" कॅप्टनने विचारलं.

"काही नाही. मला पटलं नाही."

कॅप्टनने मान हलवली. दुसऱ्या खेपेला मेहुण्याने विमान असं टेकवलं की चाकं लागल्याचं मागे कुणाला कळलंही नसेल. इंजिनं बंद झाल्यावर त्याने पट्टा सोडला. मग म्हणाला, "भावोजी, तुम्ही हे रोज करत होतात आणि मी टांगा म्हणत होतो."

"टांगाच आहे," कॅप्टन म्हणाला. "चल, चहा घेऊ."

त्या संध्याकाळी चीफना त्याने सांगितलं, तयार आहे.

वर्ष सरलं आणि एका नव्या मोठ्या कंपनीने मेहुण्याला बोलावलं. तो सांगायला घरी आला, पण जेवण संपेपर्यंत त्याला विषय काढता आला नाही.

"जा," कॅप्टन म्हणाला.

"एवढं शिकवलंत, आणि मी..."

"जा रे. तुला लांबचं आवडतं. शिकलेलं काही इथेच ठेवून जायचं नसतं."

तो गेल्यावर बायको टेबल पुसत राहिली. पुसून झालेलं टेबल तिने पुन्हा पुसलं.

"तुम्ही का नाही गेलात?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत हे तिने कधी विचारलंच नव्हतं, नुसतं गृहीत धरलं होतं.

कॅप्टनने विचार केला. काहीतरी चांगलं सांगावं असं त्याला वाटलं, पण तेवढी ताकद उरली नव्हती. "दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी जाऊ. पोरगी लहान होती, घरी झोपायला मिळत होतं. मग एका वर्षी लक्षात आलं की आपल्याला जायचंच नाहीये. ती गावं आवडायला लागली होती."

"मला वाटायचं, तुम्ही घाबरता."

"तेही होतंच थोडं."

ती थकल्यासारखी हसली.

"मी तुमच्या विमानात कधी बसलेच नाही," ती म्हणाली.

"पास मिळायचा. तूच म्हणायचीस, डोंगरात काय बघायचंय."

पुढच्या सुट्टीत ती आली. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली. दरीवर आल्यावर विमान धडधडलं, एकदा खाली पडल्यासारखं झालं, मग सावरून धावपट्टीवर टेकलं. सगळे उतरल्यावर ती शिडीने हळूहळू खाली आली. चेहरा पांढरा पडला होता आणि पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

"रोज असंच?" तिने विचारलं.

"आज बरं होतं."

छोट्या इमारतीच्या बाकावर ती त्याच्या शेजारी बसली. परतीच्या उड्डाणाला वेळ होता. कॅप्टनने डोळे मिटले. त्याला हलवून उठवायला नको म्हणून ती सरळ, ताठ बसून राहिली. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं तरी तिने खांदा हलवला नाही.